लिझी हिगिन्स यांचा स्मृतिसंच : जीनी रॉबर्टसनची मुलगी की डॉनल्ड हिगिन्सची?

मंद्रसप्तक

स्कॉटलंडमधील लोकगीतांच्या पुनरुज्जीवनाचा विषय निघाला की जीनी रॉबर्टसन हे नाव टाळता येत नाही. त्यांची मुलगी लिझी हिगिन्स यांचा उल्लेख मात्र बहुधा आईच्या परिचयाच्या शेवटी एखाद्या वाक्यात उरकला जातो. ‘म्युझिकल ट्रॅडिशन्स’ या छोट्या इंग्रज प्रकाशनाने २००६ साली, म्हणजे लिझी यांच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी, ‘इन मेमरी ऑफ लिझी हिगिन्स’ या नावाने त्यांच्या गाण्यांचा दोन सीडींचा संच काढला. तो सलग ऐकल्यानंतर माझे असे मत झाले आहे की आपण या गायिकेकडे चुकीच्या बाजूने पाहत आलो आहोत. म्हणून हा धागा.

आधी थोडी ओळख. लिझी यांचा जन्म १९२९ साली ॲबर्डीन शहरातल्या गेस्ट रो या गल्लीत झाला. घराणे स्कॉटिश ट्रॅव्हलर समाजातले, म्हणजे हिवाळा गावात काढून उन्हाळ्यात रस्त्याला लागणाऱ्या, फेरीचा व्यापार, कथलाची कामे आणि शेतावरची हंगामी मजुरी करून जगणाऱ्या लोकांपैकी. या समाजातील मुलांचा शाळेत छळ होत असे. लिझीही त्यातून सुटल्या नाहीत, आणि पंधराव्या वर्षी शाळा संपवून त्या ॲबर्डीनमध्ये मासळी सोलून तिचे काप काढण्याच्या कामाला लागल्या. पुढची कित्येक वर्षे हाच त्यांचा चरितार्थ होता.

१९५३ साली हॅमिश हेंडरसन हे कवी आणि लोकसाहित्य-संग्राहक पत्ता काढत कॉजवेएंड भागातल्या त्यांच्या घरी पोचले. जीनी यांनी त्यांना सहजासहजी आत घेतले नाही. हार्लॉच्या लढाईवरील कथागीताच्या सुरुवातीच्या ओळी आपल्या पसंतीस उतरतील अशा म्हणून दाखवा, मगच आत या, अशी अट त्यांनी घातली, आणि हेंडरसन यांनी ती पुरी केल्यावर जीनी यांनी स्वतः ते कथागीत शेवटपर्यंत गाऊन दाखवले. त्यानंतर थोड्याच काळात त्या लंडनला ॲलन लोमॅक्स या अमेरिकी लोकगीत-संग्राहकाकडे पोचल्या आणि बीबीसीच्या ज्या दूरचित्रवाणी मालिकेत दिसल्या तिचा निर्माता डेव्हिड ॲटनबरो नावाचा एक तरुण होता. १९६८ साली ब्रिटिश सरकारने त्यांना एमबीई हा किताब दिला. हे सगळे सुरू झाले तेव्हा चोविशीच्या आसपास असलेली, आणि तीच गाणी त्याच घरात ऐकत वाढलेली मुलगी जाहीरपणे गात नव्हती. ती प्रथम गायली १९६७ साली, ॲबर्डीनच्या लोकगीत महोत्सवात, तेही बऱ्याच मनधरणीनंतर. मग १९६९ साली टॉपिक कंपनीची ‘प्रिन्सेस ऑफ द थिसल’ ही तबकडी आली. १९७५ साली, आईचे निधन झाले त्याच वर्षी, ‘अप अँड अवा विथ द लॅव्हरॉक’ ही दुसरी, आणि १९८५ साली लिस्मोर कंपनीची ‘व्हॉट अ व्हॉइस’ ही तिसरी. १९९३ साली त्या गेल्या.

आता माझा मुद्दा. लिझी यांच्याविषयी लिहिणारे त्यांना आईच्या गाण्याच्या मापाने मोजतात, आणि त्या मापाने त्या नेहमीच थोड्या कमी भरतात. परंतु त्यांचे वडील डॉनल्ड हिगिन्स हे नावाजलेले बॅगपाइपवादक होते, काका आयझॅक हेही पाइपर होते, आणि लिझी यांच्या काही गाण्यांच्या चाली सरळ पाइपच्या सुरावटींवरून आलेल्या आहेत. त्यांचा गळा पाइपसारखा चालतो. आई शब्दावर उभी राहते आणि कथा पुढे नेते. मुलगी एकेका स्वराभोवती बारीक कणांची नक्षी घालत, त्या स्वराला न तोडता, ओळ लांबवत नेते. हे एखाद्या संकलनातील सुट्या गाण्यात कळत नाही, कारण तिथे तिच्या आधी किंवा नंतर आईचे गाणे असतेच. दोन सीडी फक्त तिच्याच असल्यावर कानाला तुलनेसाठी आई सापडत नाही, आणि मग तिची रीत आपोआप ऐकू येऊ लागते. माझ्या मते या संचाचे सर्वांत मोठे काम हेच आहे.

ज्यांनी तो ऐकला आहे त्यांची मते जाणून घ्यायला आवडेल. न ऐकलेल्यांनीही लिहावे.

कोमल_निषाद

उत्तम विषय. पाइपच्या अंगाने गाणे म्हणजे नेमके काय, हे थोडे उलगडून सांगतो, कारण त्याशिवाय मंद्रसप्तक यांचे म्हणणे केवळ रसिकाची भावना वाटण्याचा संभव आहे.

हायलँड बॅगपाइपच्या सुरावटीच्या नळीत फक्त नऊ स्वर असतात. पिशवीतली हवा सतत वाहत असल्यामुळे स्वर मध्येच थांबवता येत नाही आणि लहानमोठाही करता येत नाही. म्हणजे आपल्या गायकाकडे असलेली दोन मोठी साधने, विराम आणि आवाजाचा चढउतार, पाइपरकडे मुळातच नाहीत. एकच स्वर दोनदा वाजवायचा असेल तर त्या दोहोंमध्ये दुसऱ्या स्वराचा अतिशय चपळ कण टाकावाच लागतो, नाहीतर एकच लांब स्वर ऐकू येतो. ठाशीव आघात द्यायचा असेल तरी तो कणांचा जुडगाच असतो. त्यामुळे आपण ज्याला अलंकार म्हणतो ते तिथे अलंकार नसून व्याकरण आहे.

शिवाय पाइपला तीन पड-नळ्या असतात, दोन मध्यम आणि एक खर्जाची. त्या षड्ज अखंड धरून ठेवतात आणि त्यावर जे सप्तक वाजते त्यात निषाद कोमल असतो. आपल्या कानाला ते खमाज थाटाच्या जवळचे वाटेल. लिझी साथीशिवाय गातात, तरी त्यांचे गाणे ऐकताना पार्श्वभूमीला अदृश्य षड्ज आहे असे मला सतत वाटत राहते, कारण त्या प्रत्येक ओळीत त्याच्याशी नाते राखूनच स्वर लावतात.

आपल्याकडे विलायत खाँसाहेबांच्या सतारीला गायकी अंग म्हटले जाते, म्हणजे वाद्याने गळ्याचे अनुकरण केले. लिझी यांच्या बाबतीत दिशा उलटी आहे. मात्र त्यातही एक गंमत आहे. पाइपचे मोठे संगीत शिकवण्याची जुनी पद्धत तोंडीच होती. कॅन्टेरॅक नावाच्या ठरावीक अक्षरांच्या बोलीत गुरू सुरावट गाऊन दाखवत असे आणि शिष्य ती गाऊनच पाठ करत असे. स्वरांसाठी एक अक्षर, कणांच्या जुडग्यांसाठी दुसरे. तेव्हा गळ्याने पाइपची वळणे काढणे ही गोष्ट लिझी यांच्यापासून सुरू झाली नव्हती. ती त्या वाद्याच्या शिक्षणातच होती.

अनुल्लेख

दोन्ही प्रतिसाद आवडले, पण धाग्याच्या गृहीतकाविषयी मला शंका आहे. ‘दुर्लक्षित’ हा शब्द मंद्रसप्तक यांनी थेट वापरलेला नाही, तरी सूर तोच आहे. ज्या बाईंनी स्वतःहून १९६७ पर्यंत व्यासपीठ टाळले, ज्यांना व्यावसायिक गायिका होण्याची हौस नव्हती, ज्या कारखान्यातल्या कामावर पोट भरत राहिल्या, त्यांच्याकडे जगाने दुर्लक्ष केले असे म्हणण्यापेक्षा त्यांनीच जगाला फारसे जवळ येऊ दिले नाही, असे म्हणणे अधिक खरे नाही का? टॉपिकसारख्या प्रतिष्ठित कंपनीने त्यांच्या दोन स्वतंत्र तबकड्या काढल्या. त्या चळवळीतल्या कितीतरी गायकांच्या नशिबी एकही नव्हती.

दुसरे असे की पाइपच्या नक्षीचे कौतुक करताना तिची किंमतही सांगितली पाहिजे. मोठी कथागीते ऐकताना मला लिझी यांच्या गाण्यात कथा मागे पडल्यासारखी वाटते. जीनी यांचे ‘माय सन डेव्हिड’ ऐका. भावाचा खून करून आलेला मुलगा आणि त्याला प्रश्न विचारणारी आई, एवढेच त्यात आहे, आणि त्या गायिकेने त्या प्रश्नोत्तरांच्या वाटेत एकही दागिना येऊ दिलेला नाही. तिथे नक्षी असती तर ते गाणे मेले असते.

मंद्रसप्तक

अनुल्लेख, दुसरा मुद्दा मला बहुतांशी मान्य आहे. प्रश्नोत्तरांवर उभ्या असलेल्या कथागीतात आईच श्रेष्ठ. परंतु हा साहित्यप्रकाराचा भेद आहे, गुणवत्तेचा नव्हे. ‘व्हॉट अ व्हॉइस’ हे गाणे दोघींनीही गायले आहे. ती फसवल्या गेलेल्या मुलीची विलापिका आहे. कमरेचे वस्त्र खाली सैल लोंबत होते तेव्हा तो हिमवर्षावातूनही माझ्याकडे येत असे, आता ते हनुवटीपर्यंत वर आले तर दारावरून जातो आणि आत येत नाही, अशा आशयाचे तिचे म्हणणे आहे. गर्भारपण हा शब्द कुठेही नाही. या गाण्यात घटना घडून गेलेल्या आहेत, सांगायचे असे काही उरलेले नाही, फक्त सोसणे उरले आहे. अशा ठिकाणी लिझी यांचा न तुटणारा, थोडा थोडा कापत पुढे सरकणारा स्वर मला आईच्या गाण्यापेक्षा अधिक पटतो. आई ते गाताना समोरच्याला सांगते, मुलगी सांगत नाही.

पहिल्या मुद्द्यावर मात्र असहमती. व्यासपीठ टाळणे ही निवड होती हे खरे, पण ती निवड कोणत्या परिस्थितीत झाली हेही पाहावे लागेल. घरात रोज नवे पाहुणे, ध्वनिमुद्रणाची यंत्रे, विद्यापीठातले लोक, आणि सगळ्यांचे लक्ष आईकडे. रे फिशरसारखी तरुण गायिका तर जीनी यांच्याकडे शिकण्यासाठी काही आठवडे त्यांच्या घरी राहिली होती. पुनरुज्जीवनवाद्यांना गुरुस्थानी एक थोर वृद्ध स्त्री हवी होती, आणि ती मिळाली. तिच्या मुलीची त्या चित्रात सोय नव्हती: ती ‘मूळ स्रोत’ म्हणावी इतकी जुनी नव्हती आणि क्लबांत गिटार घेऊन गाणाऱ्यांइतकी नवी नव्हती.

तळटीप

मंद्रसप्तक यांच्या शेवटच्या वाक्याला पुस्ती जोडते. लिझी यांच्याकडे अभ्यासकांचे लक्ष गेले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. एडिंबरा विद्यापीठातील स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज ही संस्था १९५१ साली स्थापन झाली. तेथील संगीतज्ञ एली मन्रो यांनी १९७० साली संस्थेच्या ‘स्कॉटिश स्टडीज’ या नियतकालिकात लिझी हिगिन्स आणि दहा चाइल्ड-कथागीतांचे मौखिक संक्रमण या विषयावर दीर्घ लेख लिहिला. (फ्रान्सिस चाइल्ड या अमेरिकी प्राध्यापकाने १८८२ ते १८९८ या काळात इंग्रजी आणि स्कॉटिश मिळून ३०५ कथागीते पाठभेदांसह प्रसिद्ध केली. त्यांचे क्रमांक आजही ओळखीसाठी वापरतात. हार्लॉचा क्रमांक १६३.) गीत आईकडून मुलीकडे जाताना काय टिकते आणि काय बदलते, हा त्या लेखाचा विषय. म्हणजे ज्या भेदाविषयी हा धागा आहे तो लिझी यांची पहिली तबकडी निघाल्यानंतर वर्षभरातच छापून आला होता. श्रोत्यांपर्यंत तो पोचला नाही, एवढेच.

अनुल्लेख यांनी ‘निवड’ म्हटले आहे, त्याबाबत एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. ट्रॅव्हलर असल्याचे जाहीर होणे हे त्या काळी ॲबर्डीनमधल्या नोकरी करणाऱ्या बाईला सुखाचे नव्हते. जीनी यांच्या प्रसिद्धीमुळे हे कुटुंब एका अर्थी उघडे पडले. व्यासपीठावर टाळ्या वाजवणारे लोक आणि रस्त्यावर हिणवणारे लोक एकाच शहरात राहत होते. या समाजाला सक्तीने स्थिर करण्याच्या जुन्या सरकारी धोरणांबद्दल स्कॉटलंडच्या सरकारने औपचारिक माफी मागितली ती थेट जून २०२५ मध्ये. हे ध्यानात घेता १९५३ साली एका तरुणीने गप्प राहणे पसंत केले असेल तर त्याला संकोची स्वभाव एवढेच कारण पुरत नाही.

उत्तरसमुद्र

मी नोकरीनिमित्त ॲबर्डीनमध्ये असतो. उत्तर समुद्रातल्या तेलामुळे इथे येऊन राहिलेले मराठी लोक बरेच आहेत, पण या शहराचा हा इतिहास आमच्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असतो. मलाही हा धागा वाचेपर्यंत लिझी यांचे नाव माहीत नव्हते.

गेस्ट रो ही गल्ली आता नावापुरतीच उरली आहे. शहराच्या अगदी मध्यावर, मारिशल कॉलेजच्या समोर, दाटीवाटीची गरीब वस्ती होती. ती झोपडपट्टी-निर्मूलनात पाडली गेली, आणि त्यातून प्रोव्होस्ट स्कीन यांचा सोळाव्या शतकातला वाडा तेवढा वाचवण्यात आला. तो वाडा १९५३ साली संग्रहालय म्हणून खुला झाला, हे आज या धाग्यामुळे नव्याने लक्षात आले. म्हणजे जीनी यांचा शोध लागला त्याच वर्षी. आज त्याच्या भोवती काचेच्या इमारती, हॉटेल आणि कार्यालये आहेत, २०१७ च्या सुमाराची. मी रोज तिथून जातो.

भाषेविषयी एक सूचना. नव्या श्रोत्यांनी ही गाणी गेलिक आहेत असे समजू नये. ती स्कॉट्स या इंग्रजीच्या जवळच्या भाषेत, त्यातही इथल्या ईशान्येकडच्या बोलीत आहेत. तिला इथे डॉरिक म्हणतात. इंग्रजी येणाऱ्यालाही ती सुरुवातीला कळत नाही. माझ्या कारखान्यातले जुने सहकारी अजून अशीच बोली बोलतात आणि तिच्यात वाढलेल्या माणसाला ही कथागीते ऐकताना कोणताही कोश लागत नाही.

चाफा

मी लोकसंगीताची नियमित श्रोती नाही. या चर्चेवरून कुतूहल वाटून काही गाणी ऐकली. मोकळेपणाने सांगते, सलग ऐकणे मला जड गेले. वाद्य नाही, लय धरता येत नाही, आणि प्रत्येक कडवे त्याच चालीत. दोन सीडींऐवजी निवडक दहा-बारा गाणी दिली असती तर माझ्यासारखी माणसे अधिक वळली नसती का? की हा संच जाणकारांसाठीच आहे?

कोमल_निषाद

चाफा, आपली अडचण रास्त आहे. प्रत्येक कडवे त्याच चालीत असते हे खरे, पण तसेच्या तसे नसते. एकाच गाण्यातील पहिले आणि चौथे कडवे लागोपाठ ऐकून पाहा. शब्दांतली अक्षरे कमीजास्त झाली की चाल किंचित ताणली किंवा आवळली जाते, आणि कण वेगळ्या जागी पडतात. लय धरता येत नाही कारण ती तालाची नाही, श्वासाची आहे. मात्र लिझी यांनी नाचऱ्या, विनोदी, चावट गाणीही बरीच गायली आहेत. तिथे ताल स्पष्ट असतो. तुम्ही तिथून सुरुवात करावी, विलापिका मग ऐकाव्यात.

अनुल्लेख

चाफा यांनी विचारलेला प्रश्न महत्त्वाचा आहे आणि माझा त्यांना अर्धा पाठिंबा आहे. ‘म्युझिकल ट्रॅडिशन्स’चे संच हे श्रोत्याला जिंकण्यासाठी नसतातच. हे मूळचे नियतकालिक, कीथ समर्स यांनी १९८३ साली सुरू केलेले. पुढे रॉड स्ट्रॅडलिंग यांनी ते इंटरनेटवर नेले आणि त्याच्या जोडीने सीडी काढायला सुरुवात केली. जाडजूड टिपणपुस्तिका, गीतांचे पूर्ण पाठ, आणि शक्य तितके साहित्य आत घालण्याकडे कल. मोठ्या कंपनीने निवड केली असती तर ती अधिक सुबक झाली असती, हे मी म्हणेन. पण मोठ्या कंपनीने ती केली नाही, हेही तितकेच खरे आहे, आणि इथे मंद्रसप्तक यांच्या ‘दुर्लक्षा’च्या मुद्द्याला मी थोडी जागा देतो. तळटीप यांनी दिलेल्या सामाजिक संदर्भानंतर तर ‘स्वतःची निवड’ हे माझे म्हणणे मी आता इतक्या ठामपणे मांडणार नाही.

कथागीतांविषयीचे मत मात्र कायम आहे.

तळटीप

कथागीतांविषयी एक छोटा प्रतिवाद. अनुल्लेख यांनी ‘कथा मागे पडते’ असे म्हटले आहे. हे ज्याला कथा ठाऊक नाही अशा श्रोत्याच्या दृष्टीने बरोबर आहे. पण या घरांत ही कथागीते कोणी पहिल्यांदा ऐकत नसे. रात्री चुलीभोवती जमलेल्या प्रत्येकाला खून कोणी केला ते पाठ असे. अशा श्रोत्यांसमोर कथा सांगण्याची निकड नसते, आणि चालीशी, स्वराशी खेळायला गायिकेला मोकळीक मिळते. जीनी यांची कथनाची धार ही काही अंशी नव्या, शहरी, अनोळखी श्रोत्यांसमोर वर्षानुवर्षे गाण्यातून अधिक टोकदार झाली असावी, असा माझा तर्क आहे. तो सिद्ध करण्याइतका पुरावा मी मांडू शकत नाही, पण त्यांची घरगुती आणि सभागृहातील ध्वनिमुद्रणे शेजारी ठेवून ऐकण्यासारखी आहेत.

मंद्रसप्तक

तळटीप, हा तर्क मला फार आवडला. त्या दृष्टीने दोघींचा भेद आई-वडिलांच्या वारशाइतकाच श्रोत्यांच्या भेदाचाही ठरतो, आणि माझ्या शीर्षकातला प्रश्न थोडा अपुरा पडतो.

चाफा आणि इतर नव्या श्रोत्यांसाठी ऐकण्याचा क्रम सुचवतो. संचाची पहिली सीडी लावण्याआधी बॅगपाइपवरील एखादी संथ विलापिका, साधी, एकट्या पाइपची, लष्करी बँडची नव्हे, दोनतीन वेळा ऐकावी. लगेच त्यानंतर लिझी यांचे एखादे संथ प्रेमगीत लावावे. कण कुठून आले ते व्याख्येशिवाय समजेल. मग कोमल_निषाद म्हणतात त्याप्रमाणे तालातली गाणी, आणि जीनी सर्वांत शेवटी.

संच विकत घेणे शक्य नसेल तर ‘टोबर अन दुअलचस’ हे संकेतस्थळ आहे. स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज, बीबीसी स्कॉटलंड आणि कॅना बेटावरील संग्रह यांतली हजारो ध्वनिमुद्रणे तिथे २०१० च्या डिसेंबरपासून विनामूल्य ऐकता येतात, आणि आई व मुलगी दोघीही तिथे आहेत. तळटीप यांनी सुचवलेली घरगुती मुद्रणेही तिथेच शोधावीत. शोधताना गाण्याच्या नावापेक्षा गायिकेच्या नावाने शोध घेतलेला बरा, कारण एकाच गीताची नावे मुद्रणागणिक बदलतात.